परदेशातल्या मिशन दवाखान्यातला एक दिवस: खानापूरच्या एका मुलीला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: "नर्सिंग पूर्ण होऊन तीन वर्षं झाली. चर्चच्या मंडळीच्या ओळखीनं टांझानियातल्या एका मिशन हॉस्पिटलात दोन वर्षं जायची संधी आहे. आई म्हणते, तिथं दिवसभर करणार काय, प्रार्थना की दवाखाना? आणि परक्या मुलखात जाऊन सेवा करायला आपल्याकडं आहे तरी काय? तुम्ही राहून आलात, एक दिवस कसा जातो ते सांगाल का?"

बाळ, आईचा दुसरा प्रश्न मोठा आहे. आधी त्याचंच उत्तर देते, कारण ते कळलं की दिवस कसा जातो हे आपोआप कळेल.

लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात आले ते १८२० साली. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी हॉस्पिटल उघडलं १८९४ मध्ये, आणि बेळगाव, खानापूर, चिकोडीकडची माणसं रेल्वेनं तिथं जाऊ लागली. मी नर्सिंग शिकले तेही मिरजेतच. म्हणजे आपला मुलूख कुणाच्या तरी दृष्टीनं 'परदेश' होता, आणि आपले आजे-पणजे त्या सेवेचे 'गरजू' होते. माझी आजी दोन मड्डमांच्या गोष्टी सांगायची. एक नाताळात कपडे वाटायची, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढायची आणि जायची. तिचं नाव आजीला आठवत नव्हतं. दुसरी पटकीच्या साथीत घरोघर फिरली. तिचं मराठी मोडकंतोडकं, मराठीत मध्येच कानडी शब्द यायचे. पण आजी म्हणायची, "ती आमच्या चुलीपाशी पाटावर बसायची, आणि पोराचं हागणं-मुतणं आपल्या हातानं काढायची." सत्तर वर्षांनंतरही आजीला तिचं नाव, तिच्या लुगड्याचा रंग आणि ती भाकरी कशी तोडायची ते आठवत होतं.

आपल्याकडं काय आहे, तर हे आहे. घेणाऱ्याच्या बाजूनं ही सेवा कशी दिसते ते आपल्या घरात ठाऊक आहे. श्रीमंत देशातून येणाऱ्याला हे शिकायला वर्षं लागतात. शिवाय आपण सीमाभागातले. कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस एक भाषा बोलतो, आपली आजी दुसरी बोलते, आणि हातातला कागद कुणाला वाचायला द्यावा या विचारानं ती दारातच अवघडून उभी राहते, हे आपण लहानपणापासून बघितलंय. ओपीडीच्या रांगेत तिथली सुकुमा भाषा बोलणारी म्हातारी तशीच अवघडून उभी असते. ती मला दिसायची, कारण तिच्यात मला माझी आजी दिसायची.

आता दिवसाकडं वळते. मी अकरा वर्षं होते व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्वांझा शहरापासून वडापनं तीन तासांच्या अंतरावर. वडापला तिथं डालाडाला म्हणतात, आणि त्यात माणसं आपल्यासारखीच कोंबतात. हॉस्पिटल ऐंशी खाटांचं. डॉक्टर दोन, तेही कायम असतीलच असं नाही. बाकी सगळा भार तिथल्या नर्सेस आणि क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसूनही रुग्ण तपासणारे, यांच्यावर. हे ध्यानात ठेव: हॉस्पिटल ते चालवतात. आपण तिथं जोडीला जातो.

पहाटे पाचला उठायचं. साडेसहाला प्रार्थना, पंधरा-वीस मिनिटांची: एक गीत, एक उतारा, रात्रपाळीचा अहवाल. हो, रात्री कोण दगावलं, कोण बाळंत झाली, ऑक्सिजन किती उरलाय हे प्रार्थनेतच सांगितलं जायचं, आणि मला ते फार योग्य वाटायचं. सात वाजता वॉर्ड. आईला सांग, दिवसातली ठरलेली प्रार्थना एवढीच. बाकी सगळा दिवस दवाखाना.

वॉर्डात शिरताना आधी नमस्कार करायचा. इथं घाई केलीस तर सगळं बिघडेल. मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, म्हणजे तुमचे पाय धरते. ते 'मराहाबा' म्हणून स्वीकारतात. आपल्या पाया पडण्याचंच हे तोंडी रूप. सुकुमा म्हातारीला सकाळी 'म्वांगालुका' म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. स्वाहिली आपल्याला जड जात नाही. दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बीमा, साबणाला साबुनी, औषधाला दावा, वकिलाला वकिली. काही शब्द आपल्या किनाऱ्यावरून गलबतांतून तिकडं गेलेले, काही अरबांनी दोन्हीकडं नेलेले. पहिले तीन महिने रोज दोन तास भाषेला दे. हॉस्पिटलात माणसं कमी आहेत म्हणून कुणी तुला पहिल्याच आठवड्यात वॉर्ड सोपवू लागलं, तर नम्रपणे नको म्हण.

हे एवढं ठासून का सांगते, तर माझ्या हातून चूक झाली होती. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', एक वाजला. आपले रात्रीचे दहा म्हणजे त्यांचे चार. मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स तीन दिवसांत सहा वेळा द्यायचा असतो, आणि दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी. एका आईला दुपारी दोनला पहिला डोस देऊन मी सांगितलं, दुसरा 'सा कुमी'ला दे, दहा वाजता. तिच्या घड्याळात सा कुमी म्हणजे दुपारचे चार. तिनं चारला दिला. लेकरू उलट्या करत परत आलं, रात्रभर ठेवून घेतलं, सुदैवानं सावरलं. तिथली जुनी वॉर्ड अटेंडंट बाई मला काही बोलली नाही. तिनं पाकीट घेतलं आणि त्यावर पेननं मावळता सूर्य काढला, चंद्र काढला, झोपलेली कोंबडी काढली. त्या दिवसापासून मी चित्राशिवाय पाकीट दिलं नाही. माझी आजी 'दिवस कासराभर वर आला' म्हणायची, तिच्या आईच्या काळी घटका सूर्योदयापासूनच मोजायचे. हे सगळं माझ्या घरातच होतं, तरी मनगटावरचं घड्याळ बघून मी बोलले.

सकाळचा सगळ्यात जड भाग मुलांचा वॉर्ड. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर छोटा. पाऊस सुरू झाला की काही आठवड्यांत मलेरियाची लाट येते आणि एका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवावी लागतात. पाच वर्षांखालचं मूल मलेरियानं इतकं पांढरं पडतं की तळहात आणि जीभ कागदासारखी दिसते. हिमोग्लोबिन चारच्या खाली गेलं की रक्त द्यायलाच हवं. आठ किलोच्या मुलाला साधारण १६० मिली संपूर्ण रक्त, हळूहळू, चार तासांत. रक्तपेढी म्हणजे एक फ्रीज, आणि तो बहुतेक वेळा रिकामा. मग आईबरोबर कोण आलंय ते शोधायचं: मामा, चुलता, बोडाबोडावाला म्हणजे मोटारसायकलवरून आणणारा पोरगा. रक्त तपासायचं, जुळवायचं. त्या बोडाबोडावाल्या पोरांनी किती लेकरं वाचवली याची कुठं नोंद नाही.

कुपोषण ओळखायला दंडावर पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, त्यापुढं हिरवी. ही पट्टी आपल्या अंगणवाडीतही असते, तुझ्या ओळखीची असेल. लाल पट्टीच्या मुलाला पहिल्या दिवशी पोटभर खाऊ घालायची आपली ओढ असते, आणि तीच त्याचा जीव घेऊ शकते. आधी एफ-७५ नावाचं, कुपोषित मुलांसाठीचं हलकं दूध, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. मूल सावरलं, भूक लागली की मग जड आहार. परदेशातून आलेल्या माणसाची परीक्षा तिथं होते: रात्री दोनला उठून, पेंगणाऱ्या आईजवळ बसून, चमच्यानं दूध पाजायचं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

दुपारी जेवण, मग कागदपत्रं, औषधांचा साठा, हातमोजे मोजणं, जनरेटरच्या डिझेलचा हिशोब. याबद्दल फार लिहीत नाही, पण दिवसाचा तिसरा हिस्सा यात जातो. शिलिंगन् शिलिंग वहीत लिहायचा. लोकांनी देवाच्या नावानं दिलेला पैसा आहे, त्याच्या हिशोबात ढिलाई म्हणजे देणाऱ्याशी आणि घेणाऱ्याशी दोघांशी बेइमानी.

दानाबद्दल मात्र बोलायलाच हवं. एकदा लांबच्या एका मंडळीनं कंटेनर पाठवला. बंदरातून सोडवायला जो खर्च आला त्यात आमचं तीन महिन्यांचं डिझेल आलं असतं. आत थंडीचे जाड कोट, एका पायाचे बूट, आणि मुदत संपलेली औषधं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, दानातलं औषध देशात पोचताना त्याची किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी. ती औषधं नीट जाळून नष्ट करायचा खर्च पुन्हा आमच्याच माथी. जुन्या कपड्यांना तिथं मितुंबा म्हणतात, त्यांचे बाजार भरतात, आणि आमच्या फाटकाबाहेरचा शिंपी म्हणायचा की नवा सदरा शिवायला आता कोण येतं? पाठवणाऱ्यांचं मन चांगलं होतं यात शंका नाही. पण विचारल्याशिवाय दिलेलं दान घेणाऱ्याच्या घरात अडगळ होतं. तुझ्या मंडळीनं तुझ्याबरोबर काही पाठवायचं म्हटलं, तर आधी तिथल्या मेट्रनला विचार आणि ती सांगेल तेवढंच ने. बहुतेक ती पैसेच मागेल, औषधं तिथंच मिळतात.

स्वतःच्या हातानं पैसे देऊ नकोस हेही मी चुकूनच शिकले. शेजारच्या एका बाईच्या मुलाची शाळेची फी मी गुपचूप भरली. आठवड्यात दारात सतरा बाया. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्याही पोरांना शाळा होती. जिची फी भरली ती माझ्यासमोर मान वर करून बोलेना, आणि रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून चालणाऱ्या आमच्या गप्पा कायमच्या बंद झाल्या. त्यानंतर जे द्यायचं ते हॉस्पिटलच्या गरीब रुग्ण निधीत, तिथल्या वडीलधाऱ्यांच्या समितीमार्फत दिलं. उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळू नये असं प्रभू म्हणतो. ते देणाऱ्याच्या नम्रतेसाठी आहे असं मला आधी वाटायचं, त्या बाईनंतर कळलं की ते घेणाऱ्याच्या अब्रूसाठीही आहे.

आता प्रार्थनेचं. आपल्याकडं या विषयावर किती तापलेलं बोलणं चालतं ते तुला ठाऊक आहे, आणि आईच्या प्रश्नामागं ती काळजी असणार. माझा नियम सरळ होता. औषधाआधी प्रार्थना नाही, औषधाच्या बदल्यात प्रार्थना नाही. कुणी मागितली तर जरूर, हात धरून, त्याच्या भाषेत. सरोवरावर मासेमारी करणारी कितीतरी मुसलमान कुटुंबं आमच्याकडं यायची. एका बापानं लेकीच्या खाटेशी आपली चटई अंथरली, आणि मी पडदा ओढून त्याला जागा करून दिली. मी ख्रिस्ती आहे, माझा विश्वास मी कधी लपवला नाही. गळ्यातला क्रूस तर होताच. पण आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यापुढं श्रद्धा ठेवली तर ती श्रद्धाही विटते आणि औषधही. तुला पाठवणारी संस्था किती लोक ख्रिस्ती धर्मात 'आले' याचे आकडे मागत असेल, तर जाऊ नकोस. आधीच विचारून घे, अगदी स्पष्ट शब्दांत.

गावठी वैद्याला, मगांगाला, आधी दाखवून आलेली मुलं येतात, पोटावर कापल्याच्या खुणा घेऊन. आईला रागावू नकोस. रागावलीस तर पुढच्या वेळी ती उशिरा येईल किंवा येणारच नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार, वर्षभर जवळजवळ त्याच वेळी, कारण विषुववृत्त जवळ आहे. रुग्णांचे नातेवाईक आवारात तीन दगडांच्या चुली मांडतात. 'होदी' म्हणून दाराबाहेरून हाक द्यायची, 'करिबू' म्हटल्यावर आत जायचं. मी रोज एका तरी चुलीपाशी बसायची. कामाच्या यादीत हे कुठंच नसतं. पण कुठल्या वाडीत गोवर आहे, कुणाचा नवरा गोळ्या विकून टाकतो, कुठली सून माहेरी का पाठवली, हे सगळं मला तिथं कळायचं.

रात्रीचं एक सांगते. पावसाळ्यात एकदा चार वर्षांचा मुलगा फार उशिरा आला, रक्त चढेपर्यंत गेला. मी धावपळ करत राहिले, पुन्हा पुन्हा नाडी बघत. तिथल्या सिस्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मुलाच्या आईला फक्त 'पोले' म्हटलं आणि तिच्याबरोबर जमिनीवर बसली. पोले म्हणजे तुझं दुःख माझ्यापर्यंत पोचलं, असं काहीतरी. नेमका मराठी शब्द मला अजून सापडला नाही. आम्ही तिघी बसलो. नंतर सिस्टरनं मुलाला कोमट पाण्यानं पुसलं, आईच्या कांगाच्या वस्त्रात गुंडाळलं. दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी मसिब्याला गेलो. दुखवट्याला तिथं माणसं दिवसच्या दिवस येऊन नुसती बसतात. सांत्वनाची भाषणं कुणी करत नाही.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात शोमरोनी जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि पुढं निघून जातो. मागं राहतो तो उतारशाळेचा माणूस. रात्री पट्ट्या बदलणारा, पाणी पाजणारा, खर्च मांडून ठेवणारा तोच. त्याचं नाव नाही, त्याच्यावर प्रवचनही नाही. तिथल्या नर्सेस म्हणजे ती माणसं. दोन वर्षं तू त्यांच्या हाताखाली काम करशील, असं मनाशी ठरवूनच जा.

रविवारी उपासना तीन तास, ढोलांसह. दानपेटीत पैशांबरोबर कोंबड्या, मका, रताळी येतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. आपल्या सुगीच्या उपासनेसारखंच. पहिल्या रविवारी मला तिथं घरची आठवण येऊन रडू आलं, ते सांगायला लाज वाटत नाही.

काही व्यवहाराचं, पटापट. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी आताच मागव, वेळ लागतो. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय रुग्णाला हात लावू नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी. पिवळ्या तापाची लस ठरावीक केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घे, दाखला पासपोर्टमध्येच ठेव. मच्छरदाणी एक रात्रही चुकवू नकोस. तिथल्या मोठ्या माणसांत वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, आपल्यात नसते. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर बेळगावच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांग की मी आफ्रिकेत होते. सरोवराच्या पाण्यात पाय घालू नकोस, गोगलगाईंमार्फत पसरणारा किचोचो नावाच्या रोगाचा कृमी कातडीतून आत शिरतो. सुई टोचली तर लपवू नकोस. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यायची असतात. मुलांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. आपल्या लेकराचा उघडा, आजारी फोटो परक्या देशातल्या फोनवर फिरलेला तुझ्या आईला चालला असता का?

एक अवघड गोष्ट घरात आधीच बोलून घे. माझे वडील गेले तेव्हा म्वांझाहून दार-एस-सलाम, तिथून मुंबई, मग रात्रीची बस करून मी तिसऱ्या दिवशी बेळगावात पोचले. माती होऊन गेली होती. असं काही झालं तर थांबायचं की नाही, हे तुम्ही दोघींनी आत्ताच ठरवा. फोनवर ते ठरवता येत नाही.

आणि आईची राहिलेली काळजी, खाण्याची. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली म्हणजे आपल्या नाचणीच्या मुद्द्याची बहीण. सकाळची उजी म्हणजे पातळ आंबील. म्चिचा ही माठाची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून करतात. सरोवरातली बारीक वाळवलेली मासळी, डागा, कांदा-टोमॅटोत परतलेली असते आणि तिचा वास थेट आपल्या सुकटीचा. तिखट तेवढं कमी असतं. आईला म्हणावं, दोन किलो चटणी नीट बांधून दे.